मेंदूला बसलेला मुका मार : एका खेळाडूची निवृत्ती आणि आपण सगळे



"डॉक्टर, सीटी स्कॅन तर नॉर्मल आलाय. मग पोराला खेळायला नाही का म्हणता?"

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी ऐकायला मिळतो. मुलगा कबड्डीत पडलेला असतो, मुलगी स्कूटरवरून घसरलेली असते, कुणाच्या डोक्याला लेदरचा बॉल लागलेला असतो. बाहेरून जखम नसते आणि रिपोर्ट स्वच्छ असतो. तरीही मी तीन आठवडे थांबायला सांगतो. घरच्यांच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, की डॉक्टर उगीच घाबरवतायत.

आज या प्रश्नाचं उत्तर मी एका गोष्टीतून देणार आहे. गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. पण तिच्यात जे घडलं, ते तुमच्या घरातही घडू शकतं. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

त्या गुरुवारी मेलबर्नमध्ये

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी मेलबर्नला बहिणीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी सत्तरीतले एक गृहस्थ राहतात. मेलबर्न नावाच्या फुटबॉल क्लबचे ते जन्मापासूनचे भक्त. 'भक्त' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. गळ्यात लाल-निळा मफलर, फाटकावर लाल-निळा झेंडा आणि क्लबचं वार्षिक सभासदत्व. पंढरीची वारी न चुकवणाऱ्या आपल्याकडच्या माणसासारखाच हा भाव.

हा फुटबॉल आपण टीव्हीवर पाहतो तो नव्हे. त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स म्हणतात. लंबगोल मैदान, दोन्हीकडे अठरा-अठरा खेळाडू, लंबगोल चेंडू. तो लाथेनं मारायचा, मुठीनं ढकलायचा, उंच उडी मारून झेलायचा. समोरच्याला अंगाला भिडून अडवायचं. डोक्याला हेल्मेट नाही, अंगावर पॅड नाहीत. आपण ज्याला बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखतो, त्याच एमसीजीवर हिवाळ्यात हा खेळ चालतो आणि मोठ्या सामन्याला नव्वद हजारांवर माणसं येतात.

२२ फेब्रुवारीला बातमी आली. अँगस ब्रेशॉ निवृत्त झाला. वय २८. क्लबशी करार २०२८ पर्यंतचा. कारण एकच : मेंदूला वारंवार बसलेले मार.

शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी झाडांना पाणी घालत होते. बातमी त्यांनी नुकतीच ऐकली होती. पाइप हातात तसाच, पाणी एकाच कुंडीत पडत होतं. मी डॉक्टर आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मला विचारलं, "चालतो, बोलतो, हसतो. असा माणूस खरंच इतका आजारी असू शकतो का?"

माझ्या दवाखान्यातलाच प्रश्न, फक्त इंग्रजीतून.

काय झालं होतं?

ब्रेशॉ २०१४ च्या खेळाडू निवडीत तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच्या डोक्याला अनेकदा मार बसला. तेव्हापासून तो मऊ हेल्मेट घालून खेळू लागला. मैदानात हेल्मेटवाला मोजकाच एखादा, त्यामुळे तो लांबूनही ओळखू यायचा. २०१८ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या पदकासाठी झालेल्या मतदानात तो तिसरा आला. २०२१ मध्ये मेलबर्ननं अजिंक्यपद जिंकलं, तब्बल ५७ वर्षांनी. त्या संघात तो होता.

शेजारच्या गृहस्थांनी आधीचं, १९६४ चं अजिंक्यपद लहानपणी वडिलांचा हात धरून पाहिलं होतं. पुढचं पाहायला सत्तरी जवळ आली. आणि ते आलं तेव्हा कोविडमुळे मेलबर्न शहर बंद होतं, अंतिम सामना दूर पर्थला झाला. ते घरात एकटे टीव्हीसमोर बसून रडले, असं त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे ब्रेशॉ त्यांच्या लेखी कोण होता, याची कल्पना तुम्हाला येईल.

७ सप्टेंबर २०२३ ला एमसीजीवर कॉलिंगवूड संघाशी बाद फेरीचा सामना होता. ब्रेशॉनं चेंडूला लाथ मारली. ती अडवायला कॉलिंगवूडच्या ब्रेडन मेनार्डनं हवेत झेप घेतली आणि खाली येताना त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर आदळला. ब्रेशॉ बेशुद्ध होऊन पडला, त्याला स्ट्रेचरवरून नेलं. मेनार्डवर आरोप ठेवला गेला, सुनावणी झाली, तो निर्दोष ठरला. पुढच्या हंगामासाठी लीगनं अशा झेपेबद्दलचा नियमच कडक केला.

ब्रेशॉ परत खेळण्याची तयारी करत होता. पण नंतरच्या स्कॅनमध्ये, आधीच्या स्कॅनशी तुलना करता, मेंदूतले सूक्ष्म बदल वाढलेले दिसले. तज्ज्ञ डॉक्टरांच्या मंडळानं थांबायला सांगितलं. १६७ सामन्यांवर कारकीर्द संपली.

चाहते काय म्हणत होते?

पुढचे चार-पाच दिवस मी ट्राममध्ये, न्हाव्याकडे, कॉफीच्या दुकानात हाच विषय ऐकत होतो. डॉक्टरची खोड म्हणा, मी मनातल्या मनात त्याची वर्गवारी करत होतो.

काही जण चिडले होते. त्यांचा सगळा राग मेनार्डवर. तो फुलं घेऊन ब्रेशॉच्या घरी भेटायला गेला होता, त्यावरूनही दोन तट. काही जण हिशेब मांडत होते : त्या रात्री आपण ७ गुणांनी हरलो, पुढच्या आठवड्यात कार्लटनकडून २ गुणांनी, हा असता तर? काहींना पटतच नव्हतं. शेजारच्यांचा मुलगा त्यांतला. त्याचं म्हणणं, "सहा महिने झाले. ठणठणीत दिसतो. अजून एखादा हंगाम हेल्मेट घालून काढला असता."

आणि बरेच जण, माझ्या अंदाजापेक्षा जास्त, एवढंच म्हणत होते की बरं झालं, वेळेत थांबला.

शेजारचे गृहस्थ पहिल्या दिवशी हिशेबवाल्यांत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आणि त्यांचा मुलगा बहिणीकडे चहाला आले. मुलानं पुन्हा 'एखादा हंगाम' काढला. तेव्हा म्हातारबाबा कप खाली ठेवून म्हणाले, "मला अजिंक्यपद हवं होतं, ते त्यानं दिलं. आता तो पन्नाशीत स्वतःच्या मुलांची नावं विसरलेला मला नको. बरं केलं पोरानं."

खोलीत माझा चौदा वर्षांचा भाचा बसला होता. तो तिथल्या मुलांच्या संघात हाच खेळ खेळतो. त्याच्याकडे आपण परत येऊ. आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाचं उत्तर.

स्कॅन नॉर्मल, तरी मेंदू दुखावलेला. हे कसं?

आपल्या भाषेत एक अचूक शब्द आहे : मुका मार. रक्त नाही, जखम नाही, पण आत ठणका आहे. कन्कशन म्हणजे मेंदूला बसलेला मुका मार.

खरवसाचा डबा डोळ्यांसमोर आणा. डबा जोरात हिसडला तर डब्याला पोचाही येत नाही, पण आतला खरवस हलतो, ताणला जातो. मेंदू साधारण तसाच मऊ असतो. डोक्याला, किंवा कधी नुसत्या मानेला जोराचा झटका बसला, की तो कवटीच्या आत हलतो. त्याच्यातले बारीक मज्जातंतू ताणले जातात. पेशींमधल्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरायला पेशींना जास्त साखर, जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात तिथला रक्तपुरवठा थोडा कमी पडतो. म्हणून डोकं दुखतं, गरगरतं, उजेड नकोसा होतो, वाचलेलं लक्षात राहत नाही, चिडचिड होते, झोप बिघडते.

सीटी स्कॅन कशासाठी करतात? आत रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का, हे बघायला. तो नॉर्मल आला म्हणजे जिवाचा तातडीचा धोका बहुधा नाही. मेंदूला इजाच झालेली नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. वायर तुटली आहे का हे फोटोत दिसेल, तिच्यातून करंट नीट वाहतोय का हे फोटोत दिसत नाही.

हेल्मेटचंही तसंच. हेल्मेट कवटी वाचवतं, जीव वाचवतं. दुचाकीवर ते घातलंच पाहिजे, यात तडजोड नाही. पण आतल्या मेंदूचं हलणं ते पूर्ण थांबवू शकत नाही. ब्रेशॉ वर्षानुवर्षं हेल्मेट घालून खेळला, हे लक्षात घ्या.

एकच मार बसला आणि पुरेशी विश्रांती मिळाली, तर बहुतेक माणसं काही आठवड्यांत पूर्ण बरी होतात. हे मी ठळकपणे सांगतो, कारण तुम्हाला घाबरवायचं नाहीये. धोका दोन ठिकाणी आहे. पहिला, जुना मार बरा व्हायच्या आत दुसरा बसणं. मुलांमध्ये क्वचित यातून मेंदूला झपाट्यानं सूज येऊन जीवही जाऊ शकतो. दुसरा, वर्षानुवर्षं मार बसत राहणं. अशा काही खेळाडूंच्या मेंदूत पुढे एक प्रकारची झीज आढळते. तिला सीटीई म्हणतात. स्मरणशक्ती, स्वभाव, मनाचा तोल या सगळ्यांवर तिचा परिणाम होऊ शकतो. प्रत्येकाला ती होतेच असं नाही. पण तिचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. ऑस्ट्रेलियात ग्रॅहम फार्मर या थोर खेळाडूच्या मेंदूत ती सापडली, तशीच हेदर अँडरसन या तरुण महिला खेळाडूच्याही मेंदूत सापडली. चाहत्यांनी ही नावं ऐकलेली आहेत. म्हणूनच 'बरं झालं, थांबला' म्हणणारे वाढले.

आणखी एक गोष्ट. २०१४ च्या त्याच निवडीत पहिल्या क्रमांकावर पॅडी मॅकार्टिन होता. तोही डोक्याच्या मारांमुळेच खेळ सोडून बसला. देशातल्या त्या वर्षीच्या पहिल्या तीन मुलांपैकी दोघं.

मी दिलेलं एक सर्टिफिकेट

आता माझी एक चूक सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी दवाखाना चालवत होतो. एका कबड्डी मंडळाचा पोरगा घेऊन आले. बारावीत होता. चढाईत समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला आणि काही क्षण त्याला काही सुधरेना. मी नाडी, रक्तदाब, डोळ्यांच्या बाहुल्या, हातापायांची ताकद, सगळं तपासलं. सगळं ठीक. विचारलं, "काही त्रास होतोय?" तो म्हणाला, "काही नाही, सर."

तीन दिवसांनी मोठा सामना होता. वडील शेजारी उभे, प्रशिक्षक उभे, मंडळाची दहा पोरं दारात. मी फिट असल्याचं लिहून दिलं.

सामन्यात तो पुन्हा डोक्यावर पडला. जीव वाचला, देवाची कृपा. पण पुढे कित्येक महिने डोकेदुखी, चक्कर. पुस्तक उघडलं की पाच मिनिटांत मळमळ. त्या वर्षीची बारावी हुकली. नंतर एकदा एकटा आला होता, तेव्हा मी विचारलं, "अरे, त्या दिवशी खरंच काही त्रास नव्हता का?"

तो म्हणाला, "डोकं फुटत होतं, सर. पण सगळे समोर उभे होते. काय सांगणार?"

ते वाक्य मी विसरलेलो नाही. माझ्या तपासणीत काही चुकलं नव्हतं. मी प्रश्न चुकीच्या माणसांसमोर विचारला होता. कन्कशनचं निदान मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर होतं. ते ठरवणारी साखरेसारखी रक्ताची साधी तपासणी माझ्या दवाखान्यात आजही नाही. मार मुका आहे, बोलायचं पोरानं आहे. आणि भोवतीची माणसं काय म्हणतील यावर तो बोलणार की नाही, हे ठरतं.

तेव्हापासून डोक्याला मार लागलेलं मूल आलं, की मी सगळ्यांना बाहेर बसवतो आणि त्याच्याशी एकट्याशी बोलतो. त्याला जे सांगायचं ते तो सांगतो, आणि "खेळायचं नाही" हा वाईटपणा मी माझ्याकडे घेतो.

आपण काय बोलतो?

हे फक्त ऑस्ट्रेलियाचं नाही. विल पुकोवस्की आठवतो? जानेवारी २०२१ मध्ये अजिंक्य रहाणेच्या संघाविरुद्ध सिडनीला पदार्पणात ६२ धावा काढणारा सलामीवीर. डोक्याला वारंवार मार बसल्यानं २०२५ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी निवृत्त झाला. ती एकच कसोटी खेळला.

आणि आपल्या गहुंजेला, ३१ जानेवारी २०२५ ला, शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू आदळला. त्याच्या जागी हर्षित राणा उतरला आणि त्यानं तीन बळी घेतले. दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात वाद काय चालला होता? बदली गोलंदाज नियमात बसतो का. दुबेचं डोकं आता कसं आहे, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. खरं सांगतो, मीही विचारलं नाही.

खेळाडूला मार लागल्यावर आपण जे बोलतो, ते त्याच्या कानावर जात नाही. ते शेजारी बसलेल्या आपल्या पोराच्या कानावर जातं. "एवढ्यानं काय होतंय", "नाटकं करतोय", "आमच्या वेळी रक्त येईपर्यंत खेळायचो" हे ऐकलेलं पोर स्वतःचं डोकं दुखताना तोंड उघडत नाही.

आता भाच्याकडे येतो. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर तो माझ्या खोलीत आला. बराच वेळ मोबाइल हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "मामा, पडून आठवडा झाल्यावरसुद्धा वाचताना डोकं दुखतं का?"

सरावात तो पडला होता. आईला सांगितलं नव्हतं, प्रशिक्षकांना सांगितलं नव्हतं. हंगाम तोंडावर आलेला, संघातली जागा जाईल ही भीती. आणि आठवडाभर तो तसाच सरावाला जात होता. मी काय विचार केला असेल, तुम्ही समजू शकता. मी रागावलो नाही. एवढंच विचारलं, "आज का सांगितलंस?"

तो म्हणाला, "आजोबा म्हणाले ना, बरं केलं पोरानं म्हणून."

दुसऱ्या दिवशी बहिणीनं त्याला तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. त्याला पूर्ण बरं व्हायला पाच आठवडे लागले. हंगामाचे सुरुवातीचे सामने त्यानं बाकावर बसून पाहिले. आज तो खेळतो आहे.

डोक्याला मार लागला तर काय कराल?

आधी एक गैरसमज. कन्कशनसाठी बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही. बऱ्याच जणांची शुद्ध जात नाही. आणि टेंगूळ आलं म्हणजे मार बाहेरच्या बाहेर गेला, या समजालाही आधार नाही.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट न बघता मोठ्या रुग्णालयात न्या :

- शुद्ध हरपणं, किंवा झोपेतून जागं करणं कठीण होणं
- डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलट्या
- झटके येणं
- हात-पाय लुळा किंवा बधिर वाटणं, बोलणं अडखळणं
- एकाच्या दोन वस्तू दिसणं, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होणं
- नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव
- माणसं न ओळखणं, विचित्र वागणं
- मानेत तीव्र वेदना. अशा वेळी मान हलवू नका

वयस्कर व्यक्ती आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, यांनी मार किरकोळ वाटला तरी डॉक्टरांना दाखवावं.

यातलं काही नसेल तर :

१. खेळ त्याच क्षणी थांबवा. त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही. शंका असेल तरीही नाही.

२. पहिले चोवीस तास जवळ कुणीतरी हवं. काही लक्षणं तासाभरानं, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. दुचाकी चालवू नये, दारू घेऊ नये.

३. दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. सुरुवातीला अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नका.

४. एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमीत कमी. त्यानंतर हलकं चालणं-फिरणं सुरू करावं. आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिल्यानं फायदा होत नाही.

५. आधी शाळा, मग खेळ. अभ्यास थोडा थोडा वाढवा. तो जमला की हलकं धावणं, मग एकट्यानं सराव, आणि अंगाला भिडण्याचा खेळ सगळ्यांत शेवटी, डॉक्टरांनी तपासल्यावर. एखाद्या पायरीवर त्रास वाढला तर एक पायरी मागे या.

६. मुलांसाठी ऑस्ट्रेलियातली आजची सूचना अशी आहे : मार लागल्यापासून किमान २१ दिवस, आणि त्रास पूर्ण थांबल्यापासून किमान १४ दिवस, भिडण्याचा खेळ नाही. मी माझ्या रुग्णांना हेच सांगतो. सुरुवातीला म्हटलेले तीन आठवडे इथून आले.

शेवटी

मेलबर्नहून निघायच्या दिवशी शेजारचे गृहस्थ निरोप द्यायला फाटकापर्यंत आले. झेंडा तसाच होता. म्हणाले, "या वर्षी आम्ही जिंकणार नाही बहुतेक." मग थोडं थांबून, "पोराची डोकेदुखी कशी आहे?"

तुमच्या घरी, गल्लीत, मंडळात कुणाच्या डोक्याला मार लागला, तर सामना कोण जिंकला हे नंतर विचारा. आधी त्याला बाजूला घ्या, एकट्यात बसवा आणि विचारा, "डोकं कसं आहे?" आणि तो "दुखतंय" म्हणाला, तर त्याला म्हणा, "बरं केलंस सांगितलंस."

काळजी घ्या.